बिघडलेला सूर

ठमीने तिसरं युफोनियम, म्हणजे मांडीवर धरून फुंकायचं ते पितळी वाद्य, खाली उतरवलं आणि तेही बिघडलेलं असल्याचं जाहीर केलं.

"हेही?" दुकानदाराने विचारलं.

"खालचा सूर उतरतोय. आधीच्या दोन्हींसारखाच."

दुकानदाराने चष्मा कपाळावर ढकलला. एका सकाळी तीन कोरी वाद्यं एकाच आजाराने दगावल्याचं त्याने चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

रविवारी वाद्यवृंदाची निवड होती. गेल्या वर्षी ठमी शाळेचं तीन कळांचं युफोनियम घेऊन गेली होती. "पुढच्या वेळी चार कळांचं आणा," एवढं सांगून परीक्षकांनी तिला वाटेला लावलं होतं. यंदा ती वयाच्या अटीत बसत होती. पुढच्या वर्षी बसणार नव्हती.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बाबा बसले होते. छापखान्यातल्या यंत्रांनी तीस वर्षांत त्यांचे कान खाऊन टाकले होते, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र बसवलं होतं. ठमी त्यांच्याकडे वळली आणि घरच्या आवाजात म्हणाली,

"बाबा! हेही! खराब! आहे!"

भिंतीवरचं एक व्हायोलिन बारीक किणकिणलं. बाबांनी डोळे मिटून मान हलवली.

दुकानदाराने तेच वाद्य उचललं आणि तोच सूर लावला. टेबलावरच्या सूर मोजायच्या यंत्राचा काटा मधोमध उभा राहिला. मग ठमीने लावला. काटा डावीकडे कलंडला.

"आता तुमचं जुनं घ्या."

ठमीने पिशवीतून शाळेचं वाद्य काढलं, वाजवलं. काटा मधोमध.

"बघा!" ती म्हणाली.

दुकानदाराने तेच वाजवलं. काटा उजवीकडे पळाला.

"तीन कळांच्या वाद्यात हा सूर चढाच लागतो," तो म्हणाला. "तुम्ही ओठ सैल सोडून त्याला खाली ओढता. किती वर्षं?"

"सहा."

"छान ओढता. पण हे नवं मुळातच सुरात आहे हो. याला कशाला ओढता?"

"मग मी काय करू?"

"काही नाही."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे काहीच करू नका."

हे ठमीला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा ओठ आपले आपणच सुटले. दुसऱ्यांदा तिने ते इतके आवळले की बदकासारखा आवाज आला. दुकानदाराने सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. पाचव्यांदा तिने नुसता श्वास सोडला, आणि सूर वाद्यातून स्वतःच्या पायांनी चालत यावा तसा आला. काट्याकडे बघायचंही तिला सुचलं नाही. वाद्य मांडीवर धरून, आत्ता दुकानदाराशी बोलत होती तशाच आवाजात, ती म्हणाली,

"बाबा, हे घेऊया का?"

"घेऊया की," कोपऱ्यातून उत्तर आलं.

ठमीने मान वळवली. बाबा उठले, जुनं वाद्य पिशवीत ठेवून चेन लावू लागले. चेन मध्येच अडकली.

"तीन आठवडे झाले," ते चेनेला समजावल्यासारखं म्हणाले. "मला वाटलं, तू रागावलीयेस माझ्यावर."

उत्तर द्यायला ठमीने छाती भरून श्वास घेतला. मग त्यातला बराचसा सोडून दिला.

"नाही हो, बाबा," ती म्हणाली.