दर चाळिसाव्या सेकंदाला

ही गोष्ट मध्ये मध्ये थांबेल. बिघाड नाही. वाचत राहा.

वहिनी आली तेव्हा सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि तिच्या डाव्या कानात मैदा होता. ती पहाटेपासून भट्टीवर पाव करते आणि दुपारी झोपते. आज झोपणार नव्हती. आज चार वाजायच्या आत तिचं गाणं रेडिओला पोचायला हवं होतं. नव्या आवाजांसाठी वर्षातून एकदा गाणी मागवतात, आणि चारला दार बंद. चाल माझी, शब्द तिचे, गळा तिचा. दादाशी लग्न होऊन तिला नऊ वर्षं झाली, आणि नऊ वर्षं ती फक्त पिठाला गाऊन दाखवत

(दीड सेकंद काही नाही)

होती.

"वन्सं, चहा टाक," ती म्हणाली.

एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हटलं की समजायचं, एक तर चेष्टा आहे नाहीतर भीती.

"कुठलं वन्सं?"

"दोन्ही. साखर जास्त."

माझी गाण्याची खोली म्हणजे आठ बाय दहा, भिंतींना उभ्या केलेल्या जुन्या गाद्या, एक माईक, एक टेबल आणि कॉम्प्युटर. कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो. दादा म्हणतो, ती लिनक्स वापरत नाही, लिनक्सची सेवा करते. दादाला गाण्यातलं काही कळत नाही, पण माझ्यातलं बरंच कळतं.

टेबलावरच्या पडद्यावर 'दालन' उघडलेलं होतं. हे नाव आमचं. खरं नाव लांबलचक आहे. ते एक प्लगइन आहे, म्हणजे आवाजावर चढवायचं सॉफ्टवेअर. गाद्यांच्या खोलीत गायलेलं गाणं त्याच्यातून काढलं की दगडी घुमटाखाली गायल्यासारखं ऐकू येतं. माझ्या वाढदिवसाला वहिनीनेच ते घेऊन दिलं होतं, विचारून, चौकशी करून, पाकिटावर 'माझ्या घुमटासाठी' असं लिहून. तिने फक्त एक गोष्ट विचारली नाही, की ते लिनक्सवर

(दीड सेकंद काही नाही)

चालतं का.

नाही चालत. पण चालवता येतं. मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवायचा. प्लगइन त्याच्याशी विंडोजच्या भाषेत बोलतं, तो ते लिनक्सला समजावून सांगतो. दुभाष्या भाबडा आहे, पण मेहनती. दालन उघडलं, घुमलं, मी खुर्चीतल्या खुर्चीत गरकन फिरले. मग त्याने लॉगिन करायला सांगितलं आणि लॉगिनची खिडकी पांढरीफटक निघाली. नाव लिहायला चौकोन नाही, बटण नाही, काही नाही. पांढरं.

मी दुभाष्याचं सगळं फोल्डर पुसून नव्याने मांडलं. पांढरं. पुन्हा पुसलं. पांढरं. तीन वेळा. शेवटी खाली एक बारीक ओळ दिसली, 'पंधरा दिवस चाचणी', ती दाबली आणि कामाला लागले.

आज पंधरावा दिवस होता. वहिनीला हे सांगितलं नव्हतं. तुझी भेट मला अजून उघडताच आलेली नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

त्यात उचकी. गाणं वाजत असताना अधूनमधून आवाज नाहीसा व्हायचा आणि परत यायचा. लिनक्सवर संगीत करणाऱ्याला ही उचकी पाठ असते: कॉम्प्युटर आवाजाच्या मागे पडतो, एक घास चुकतो. दोष अर्थातच माझा. बफर, म्हणजे आवाजाचा आगाऊ साठा, वाढवला. वाय-फाय बंद केलं. लिनक्सचा गाभा, कर्नल, तोही बदलला. केबल बदलली. पंखा बंद केला, त्याचा काय संबंध ते मला आजही सांगता येणार नाही. फोरमवर माझ्या साउंडकार्डाची यथेच्छ बदनामी केली. उचकी होती तिथेच.

मनाला एकच समाधान होतं. उचकी फक्त वाजवताना लागते. कॉम्प्युटर सावकाश बसून फाइल तयार करतो तेव्हा कधीच लागत नाही. म्हणून दोन आठवड्यांपूर्वी नुसत्या चालीची फाइल काढली आणि न ऐकताच वहिनीला पाठवून

(दीड सेकंद काही नाही)

दिली. सरावाला. तिने त्यावर शब्द बसवले.

कंपनीच्या मदतकक्षाला मी सकाळी शेवटचं पत्र टाकलं होतं. दुसरा चहा संपत होता तेव्हा उत्तर आलं.

'नमस्कार. लिनक्सवर आमचं उत्पादन चालेल अशी हमी आम्ही देत नाही. हे अधिकृत उत्तर संपलं.

आता माझं. मी पण घरी तेच वापरतो. पांढऱ्या खिडकीचा नाद सोडा. दालनाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल आहे, तिच्यात तुमच्या मशीनचा नंबर आहे. तो आमच्या साइटवर फोनवरून भरा, परवान्याची फाइल मिळेल, ती त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तुमच्या नावावर चार कॉम्प्युटर दिसतायत. दरवेळी फोल्डर पुसलं की तुम्ही आम्हाला नव्या वाटता. तीन मी खोडले. आता कृपा करून पुसू नका. मला माहितीय हात शिवशिवतात.'

"कुणाचं एवढं प्रेमपत्र?" वहिनी मान लांब करून म्हणाली.

मग सांगावंच लागलं. पांढरी खिडकी, पंधरा दिवस, सगळं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे मी तुला कुलूपबंद पेटी दिली, आणि तू पंधरा दिवस तिच्यावर ताल धरलास?"

"तसंच काहीसं."

"शहाणीच आहेस. भर नंबर."

नंबर भरला. फाइल आली. ठेवली. दालनाच्या कोपऱ्यातली लाल ओळ हिरवी झाली. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं आणि उचकी नाही! एकही नाही! मी वहिनीला धरून दोन गिरक्या घेतल्या. गाद्या होत्या म्हणून बरं.

"कर्नल बदलल्याचा गुण आला बघ," मी म्हटलं.

"येऊ दे. आता गाऊ?"

एक वाजून पन्नास मिनिटं. तिने कानातला मैदा काढला, हेडफोन लावले, डोळे मिटले.

*झाकून ठेव, ऊब दे थोडी,*
*हात नको लावूस अजून…*

आणि तिथे ती थांबली. चाल पुढे गेली. ती धावत मागे गेली, एका शब्दावर घसरली, दुसऱ्यावर आपटली.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिथेच. चौथ्यांदा पुढच्या ओळीपर्यंत पोचली, आणि तिथून घसरली. हेडफोन काढून ती स्टुलावर बसली. तिचे कान लाल झाले होते.

"नाही जमत गं. भट्टीवर जमत होतं. जाऊ दे, नको पाठवूया."

"अगं, पण तू थांबतेस का तिथे?"

"मी थांबते? तूच थांबवलंयस ना! दर थोड्या वेळाने सगळं गप्प होतं, मी श्वास घेते, मग पुढे. तेवढ्यासाठी तर 'अजून' वर ओळ तोडली मी. कुठे गेली माझी थांबायची जागा?"

मी तिच्या फोनवरची सरावाची फाइल लावली. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा ऐकली. शून्य मिनिटं चाळीस सेकंद: शांत. एक मिनिट वीस: शांत. दोन मिनिटं: शांत. घड्याळ लावल्यासारखं.

मग मी ते केलं जे पंधरा दिवसांपूर्वी करायला हवं होतं. चाचणीच्या अटी वाचल्या. तिसरीच अट. 'चाचणी आवृत्तीत दर चाळीस सेकंदांनी दीड सेकंद आवाज बंद राहील.'

केबल. कर्नल. पंखा. ते बिचारं साउंडकार्ड.

मी हसायला लागले ते मला थांबवेचना. वाचून दाखवलं तशी वहिनीही सुरू झाली, स्टूल मागे गेलं, ती गादीवर आदळली आणि तिथेच बसून हसत राहिली.

"म्हणजे ती शिक्षा होती? फुकट्यांना?"

"हो."

"आणि आम्ही सगळे भट्टीवर तिथे ट्रे आपटतो गं! काकांनीच सुरू केलं. म्हणाले, तुझ्या नणंदेने जागा सोडलीय, काहीतरी वाजवायलाच हवं."

भट्टीवाले काका तिचे मालक. त्यांनी आयुष्यात कुणाची स्तुती केलेली नाही.

दोन वाजून वीस. शब्द बदलायला वेळ नव्हता आणि ते बदलू नयेत असे होते. चाचणी आता परत येणार नव्हती. हिरवी ओळ लाल करायचं बटण कुणी बनवत नाही. मग मी कात्री घेतली, पडद्यावरची. वाद्यं चार ठिकाणी कापली, दीड-दीड सेकंद, आणि वहिनीला म्हटलं, गा.

ती गायली. 'अजून' आला, वाद्यं थांबली. पण या वेळी शांतता झाली नाही. कात्री दालनाच्या आधी चालली होती. चाचणीत दालनच गप्प व्हायचं, आता ते उघडंच होतं. तिचा 'अजून' घुमटाला जाऊन लागला, वळला, खाली आला, आणि विरता विरता तिने श्वास घेतला. श्वासही घुमला.

तिने डोळे उघडले. "हे कोण?"

"तूच. तुझ्या घुमटात."

तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. मग म्हणाली, "वन्सं, पुन्हा लाव." हे वन्सं तिसऱ्याच जातीचं होतं.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी गाणं गेलं. चारच्या आधी मी मदतकक्षातल्या माणसालाही एक प्रत पाठवली: 'तुमची शिक्षा आवडली. चार ठिकाणी वापरली आहे.' त्याचं उत्तर लगेच आलं. 'अधिकृत उत्तर: धन्यवाद. माझं: तिसऱ्या ठिकाणी मी खुर्चीवरून उठलो.'

तीन आठवड्यांनी, सकाळी सात वाजता, मी भट्टीवर होते. पहिली खेप बाहेर आली होती. काकांनी रेडिओ पिठाच्या पोत्यावर ठेवला होता आणि सगळ्यांना गप्प बसवून स्वतःच बोलत होते. निवेदिकेने वहिनीचं नाव घेतलं. दादा ओरडला. वहिनीने तोंडाला मैद्याचे हात लावले.

*झाकून ठेव, ऊब दे थोडी,*
*हात नको लावूस अजून…*

काकांनी हात वर केला. सात जणांनी ट्रे उचलले.

(दीड सेकंद)

धडाम.