ढकलमामाचा सेल्फ

सकाळी हॉर्न वाजला की आमची निम्मी आळी कुरकुरत उठायची. दोन आखूड आणि एक लांब. म्हणजे मामाची पिकअप निघालीय, या ढकलायला. माझी पिठाची गिरणी बरोब्बर त्याच्या दारासमोर, त्यामुळे पहिला बळी माझा. हातातला चहा तसाच खाली ठेवायचा आणि बायकोला म्हणायचं, "ह्या माणसापायी एक दिवस माझी कंबर मोडणार आहे."

"मोडली तर त्याच्याच गाडीतनं दवाखान्यात नेऊ," ती म्हणायची.

"अगं, पण ती सुरू व्हायला आधी मलाच ढकलावी लागेल की."

मामा काही कुणाचा सख्खा मामा नव्हता. गावानं त्याला ढकलमामा केला होता. लोकांची भाजी बाजारात पोचवायची हा त्याचा धंदा, आणि गाडी सव्वीस वर्षांची. तिचा मूळ रंग कुठला, ह्यावर मास्तर आणि सुतार अजून भांडतात. पण जपायची कशी ते मामाकडनं शिकावं. तळाचा पत्रा कुजला तेव्हा तेलाचे डबे कापून त्यानं नवा बसवला. हौद्याच्या फळ्या सुताराकडनं करून घेतल्या आणि त्यांना दरवर्षी जळकं ऑइल पाजलं. एकदा तर भर उन्हात त्यानं अंगणात गोणपाट अंथरून सगळा गिअरबॉक्स खोलला होता, आणि संध्याकाळपर्यंत परत जोडला. एक नट उरला नाही. दाराचं कुलूप तेवढं गेलेलं, तिथं दोरी.

आणि सेल्फ लागायचा नाही. चावी फिरवा, नुसतं टक्क व्हायचं आणि गाडी गप्प.

मामी होती तोवर आम्हाला त्याची झळ नव्हती. मामी स्टिअरिंगवर बसायची, मामा मागनं ढकलायचा. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण क्लच कधी सोडायचा ते तिच्यासारखं कुणाला कळत नव्हतं. मामा म्हणायचा "सोड", ती सोडायची, गाडी दोन आचके देऊन धडधडायला लागायची. मग ती पलीकडं सरकायची आणि हा चढून बसायचा. मामी गेली, त्याला आता तिसरं वर्ष. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी सकाळी पहिल्यांदा हॉर्न वाजला.

ढकलणारे आम्ही तिघं. मी, शेजारचा सुतार, आणि शाळेकडं निघालेले मास्तर, तेही पिशवी माझ्या कट्ट्यावर ठेवून. गाडी सुरू झाली की मामा खाली उतरायचा. "जरा गरम होऊ दे," म्हणायचा. त्या दहा मिनिटांत तो सगळं विचारून घ्यायचा. मास्तरांची दाढ कशी आहे, सुताराच्या लेकीचा फोन आला का, माझ्या गिरणीचा पट्टा अजून तोच का. कुणाला बाजारातनं काय आणायचं ते ऐकून घ्यायचा, आणि मग जायचा. लोक म्हणतात कामापुरता मामा. आम्ही तर उलटे, कामापुरतं गाव झालो होतो, आणि त्याबद्दल रोज कुरकुरत होतो.

एका सकाळी रात्रभराच्या पावसानं रस्ता निसरडा झाला होता. ढकलताना माझा पाय सटकला आणि मी चिखलात तोंडावर पडलो. सुतार हसला. मास्तर हसले. माझं टाळकं सरकलं.

"मामा, सेल्फ नीट करून घे," मी म्हणालो. "नाहीतर उद्यापासून हॉर्न वाजला तरी मी बहिरा."

"चाललंय की रे," मामा म्हणाला.

"तुझं चाललंय. ढकलतो आम्ही."

चिखल पुसायला त्यानं मला आपला पंचा दिला आणि गाडी काढली. पण एकदा डोक्यात घेतलं की मी सोडणारा नाही. रविवारी स्वतः त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला बाजारातल्या फिटरकडं घेऊन गेलो. फिटरनं सेल्फ काढला, खोलला, आणि मामाकडं बघत राहिला.

"मामा, ह्यात दोन ब्रश झिजलेत फक्त. अर्ध्या तासाचं काम. तुम्ही गिअरबॉक्स खोलणारी माणसं, हे तुम्हाला जमलं नाही?"

"ध्यानात नाही आलं," मामा म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मला तेव्हा हसू आलं. उंटावरचा शहाणा कोण होता ते मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी चावी फिरवल्याबरोबर गाडी सुरू झाली. आळी बघायला आली होती. सुतार म्हणाला, "बरं झालं." मास्तरही म्हणाले, "बरं झालं, सुटलो." मी तर अशी मान डोलावत होतो जसं काही ते इंजिन मीच शोधून काढलंय.

पहिले काही दिवस मामा गाडी सुरू करून दारात तशीच धडधडत ठेवायचा आणि बाजूला उभा राहायचा. मी गिरणीतनं हात करायचो. मास्तर घड्याळ बघत पुढं जायचे. सुताराचा रंधा चालू असायचा. ढकलायचं नाही तर थांबायचं कशाला? मग मामा लवकर निघायला लागला, आम्ही उठायच्या आत. संध्याकाळी अंधार पडताना परत. महिनाभरानं एकदा दुपारी दिसला, अंगणात चाकं धूत होता. मला म्हणाला, "मास्तरांची दाढ कशी आहे रे?"

"काढली की. झाले वीस दिवस."

"मला कळलंच नाही," तो म्हणाला, आणि धुतलेलंच चाक परत धुवायला लागला. माझं दळण खोळंबलं होतं. मी निघून आलो.

त्यानंतर पंधरा दिवस गेले असतील. सकाळी बायको झाडून आत आली आणि म्हणाली, "मामाच्या गाडीच्या काचेवर पीठ बसलंय."

"बसायचंच. गिरणी समोर आहे."

"अहो, रोज जाणाऱ्या गाडीवर बसेल का एवढं? बोट फिरवलं तर रेघ उठली. गाडी तीन-चार दिवस हललेली नाही."

आम्ही दोघं धावलो. दार नुसतं लोटलेलं. मामा खाटेवर पडला होता, अंग तव्यासारखं तापलेलं. उशाशी तांब्या होता, रिकामा. बायकोनं आधी पाणी पाजलं. मी आणि सुतारानं त्याला उचलून त्याच्याच पिकअपमध्ये ठेवलं. चावी फिरवली, गाडी एका दमात सुरू झाली. तेवढा एक दिवस त्या सेल्फचा उपयोग झाला, ते कबूल करायला पाहिजे.

वाटेत मामा डोळे मिटूनच बोलत होता. "तीन दिवस वाट बघितली रे. हॉर्नपर्यंत जायला पाय उचलेनात. मागं एखाद्या दिवशी हॉर्न वाजला नाही तर तू दारात यायचास, शिव्या द्यायला का होईना."

मी म्हणालो, "बोलू नको. दम लागेल."

"दम कसला. बोलायला कुणी नाही म्हणून तर गप्प आहे. बाजारात बोलतो तो नुसता भाव. घरात पाय टाकला की नको वाटतं. ती दहा मिनिटं होती सकाळची, तीही गेली."

मी रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिलो. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

आठ-दहा दिवसांत मामा हिंडायला लागला. म्हणाला, उद्यापासून बाजार. दुसऱ्या दिवशी मी तांबडं फुटायच्या वेळेला उठलो, गिरणीतला दहा नंबरचा पाना घेतला आणि रस्ता ओलांडला. सेल्फला जाते ती बारीक वायर सोडवायची, बस. कुणाला काही सांगायचं नाही. दाराची दोरी सोडली, आतला खटका ओढला, बॉनेट वर केलं.

वायर आधीच सुटलेली होती. सुटली नव्हती, सोडवलेली होती. टोकाला काळी टेप गुंडाळलेली, आणि नट हरवू नये म्हणून बॅटरीच्या झाकणावर नीट ठेवलेला. पीठ बसतं म्हणून त्याच्यावर कागदाचा कपटा.

"काय बघतोस?" मामा ओट्यावर बसला होता. केव्हापासून, कुणास ठाऊक. त्यानं माझ्या हातातल्या पान्याकडं बघितलं.

"काही नाही. वायर बघत होतो."

"मग? काय म्हणतेय?"

मी बॉनेट लावलं आणि पाना खिशात घातला. "काही खरं नाही, मामा. ढकलावीच लागेल."

"बघ बाबा," तो म्हणाला. "मी कुणाला आग्रह करत नाही."

मग तो चढून बसला आणि हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. सुतार डोळे चोळत आला, म्हणाला, "परत? त्या फिटरकडं न्या ती."

"नेऊ की," मामा म्हणाला. "घाई काय आहे?"

मास्तरांनी पिशवी कट्ट्यावर ठेवली. आम्ही तिघांनी हौद्याला खांदा लावला. गाडीनं वेग धरल्यावर मी मागनं ओरडलो, "सोड." मामानं क्लच सोडला, गाडीनं दोन आचके दिले आणि ती धडधडायला लागली. मामा खाली उतरला. "जरा गरम होऊ दे," म्हणाला, आणि मास्तरांना तोंड उघडायला लावून दाढेची जागा बघितली.

संध्याकाळी मी पालथा पडलो होतो आणि बायको कंबरेला तेल चोळत होती.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"दुखतंय."

"बरं झालं," ती म्हणाली.