सासूच्या कपड्यांत

"गाठ डावीकडे घे. ती डावीकडेच घ्यायची," असं म्हणत तिपोकोच्या धाकट्या जावेने तालातोच्या कमरेभोवती निळं कापड गुंडाळलं. तालातो हात जरा वर धरून उभी होती. दुसऱ्याने अंगावर कपडे चढवताना कसं उभं राहायचं हे तिला शिकवावं लागत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षापासून आबिजानला आणि मग पॅरिसला तिने मॉडेल म्हणून तेच केलं होतं. पुढे चेहरा जुना झाला म्हणून की कंटाळा आला म्हणून, मला नक्की सांगता येणार नाही, पण ती इकडे राजधानीत, वागादुगूला परतली आणि सिनेमे काढू लागली. दोन काढले. ते परदेशात दाखवले गेले, आणि एकदा आमच्या गावात, पांढऱ्या चादरीवर.

तिपोको माझी थोरली बहीण. तिला पुरलं तेव्हा तालातो कुठल्याशा महोत्सवात होती. आता कापणी उरकल्यावर क्रियाकर्म होतं. त्या दिवशी घरच्या थोरल्या सुनेने गेलेल्या माणसाचे कपडे घालायचे, त्याच्यासारखं चालायचं, बोलायचं, रागवायचं. तिला कुरिता म्हणतात. दिवसभर सगळे तिच्याशी ते माणूस समजूनच बोलतात, मनात राहिलेलं सांगून घेतात, आणि कपडे उतरले की माणूस गेलं. कुरिता जमली नाही तर ते दारातच घुटमळत राहतं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, तरी हे खरं मानावं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

थोरली सून तालातोच. तिचा नवरा, माझा भाचा, लवकर गेला. मुलगी पेलाजी तेव्हा रांगत होती. ती आजीपाशीच वाढली. आई अधूनमधून यायची, पेलाजीसाठी आणलेले फ्रॉक बॅगेतून काढायची आणि जायची. बहुतेक वेळा ते लहान व्हायचे.

आदल्या दिवशी तालातो माझ्या अंगणात कडुनिंबाखाली येऊन बसली.

"मामा, त्या चालायच्या कशा?"

मी म्हटलं, तू तर तिचं चित्रण केलंयस.

"केलंय ना. कितीतरी तास. सगळं परत बघितलं." तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. "त्यात त्या एकदाही चालत नाहीत. मीच खुर्चीत बसवलं होतं. उजेड चांगला होता, म्हणून हलू नका म्हणाले."

बहिणीची चाल मला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होती, पण सांगायला गेलो तर शब्द सापडेनात. जरा घाईची होती, एवढंच म्हणालो. त्याचा तिला काय उपयोग झाला असेल?

ढोल सुरू झाले आणि ती अंगणात आली. पहिली काही पावलं वाकून टाकली. मग खांदे आपोआप सरळ झाले, मान वर गेली, एका पावलापुढे दुसरं पाऊल एका रेषेत पडू लागलं.

शेजारची तोए पुढे झाली. ती सामो जमातीची, आणि सामोंना आमच्या जमातीची थट्टा करायचा पिढीजात हक्क, मयताच्या घरीसुद्धा; आम्हालाही त्यांची.

"काय गं तिपोको, मेल्यावर उंच झालीस की. तिकडे काय खायला घालतात?" मग लोकांकडे वळून म्हणाली, "ही कसली तिपोको. हिचं विमान चुकतंय."

लोक हसले. कुणीतरी सामोंना मारायचा नेहमीचा टोमणा मारला, कुत्र्याची मुंडी खाणाऱ्यांनी बोलू नये. मुंडी तुम्ही पळवता, आमच्या वाट्याला शेपूटच येतं, असं तोएने उत्तर दिलं. पुन्हा हशा पिकला, पण तो लवकर विरला. तिपोकोच्या जावेने मान खाली घातली. तालातो वळली, पुन्हा चालली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली आणि उभी राहिली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. उठून काही बोलावं असं मला वाटलं. मी उठलो नाही.

तेवढ्यात पेलाजी शेंगांची टोपली घेऊन आली. तालातो गावात आल्यापासून ती आईशी एक शब्द बोलली नव्हती.

"आजी, बस. पाय दुखतील."

तालातो बसली.

"आजी, ती परत कधी जाणार?"

ढोल थांबले. कुरिताला विचारलेल्याचं उत्तर कुरितानेच द्यायचं असतं.

"तिलाच विचार."

"तिला काही विचारलं की म्हणते, थांब, कॅमेरा लावते."

तोए एकटीच हसली. तालातो मुलीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "मी काय म्हणायचे गं अशा वेळी?"

"काही नाही. शेंगा सोलायला द्यायचीस."

तालातोने टोपली मध्ये ओढून घेतली. दोघी सोलत बसल्या. मग लोक एकेक करून येऊ लागले. एकीने शेळी व्यायल्याचं सांगितलं, एकीने विहिरीवरच्या जुन्या भांडणाबद्दल माफी मागितली. तालातो मान हलवत होती, हात थांबवत नव्हती. ती माझ्या बहिणीसारखी दिसत होती का, मला सांगता येणार नाही. मीही जाऊन दोन शब्द बोलून आलो.

ऊन उतरल्यावर जावेने निळं कापड सोडून नेलं. पेलाजीने मांडीवरची फोलपटं झटकली आणि तालातोकडे न बघता टोपली घेऊन आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, मीठ कुठे ठेवलंय?

त्याच घरात वाढलेली पोर कुणाला विचारत होती ते कळलं नाही. अंगणात बायका होत्या, पण कुणी ओ दिली नाही. तालातो उठली. त्या घरात मीठ कुठे असतं हे तिला माहीत नव्हतं. ती आत गेली.