टेबलावरच्या सात डहाळ्या

सिवच्या स्वयंपाकघरात बघण्यासारखं काहीही नव्हतं, आणि नेमकं तेच बघायला बायका यायच्या. जुन्या चादरी उकळून शिवलेले पांढरे पडदे. खिडकीत एका बशीत कापसावर उगवलेले हिरवेगार हळीव. लाकडी वाडग्यात कांद्याच्या सालींत उकळून तपकिरी केलेली तीन अंडी. तीनच, चौथं नाही. आणि टेबलाच्या मधोमध आजीच्या वेळची मातीची बरणी, तिच्यात पालवी फुटू लागलेल्या डहाळ्या. झालं. संपली वसंताची सजावट.

बाकी अख्ख्या स्वीडनमध्ये ईस्टर आला की डहाळ्यांना लाल-पिवळी पिसं बांधतात. सिवच्या ती पिसं डोक्यात जायची. "कोंबडी सोलून ठेवल्यासारखं दिसतं," ती म्हणायची, आणि तेही ज्यांच्या घरी पिसं असत त्यांच्याच तोंडावर. साधेपणाचा म्हणून जो तोरा असतो ना, तो भरजरी तोऱ्यापेक्षा भारी. एकाहत्तर वर्षांच्या सिवकडे तो पुरेपूर होता.

त्या वर्षी मार्चमध्ये बिरगितचा फोन आला. बिरगित म्हणजे गावातल्या चर्चचं पत्रक काढणारी. "अगं सिव, यंदा तुझ्या स्वयंपाकघरावर लेख हवा. फोटोसकट. साध्या-सोप्या कल्पना, असं काहीतरी. उद्या अकराला येते. आणि ईस्टरच्या रविवारी आम्ही सगळ्या कॉफीला तुझ्याकडेच!"

सिव वरवर "कशाला गं?" म्हणाली आणि आतून फुलून गेली. मग तिला आठवलं, डहाळ्या कुठून आणायच्या? विहिरीजवळचं तिचं बर्चचं झाड शरदातल्या वादळात आडवं झालं होतं. रस्त्यापलीकडे जंगल होतं, पण गुडघाभर बर्फ, आणि तिचं खुब्याचं दुखणं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती कात्री घेऊन कुंपणाकडेने निघाली. कुंपण बर्फात बुडालेलं. एक लहानसं झाड दिसलं, त्याला सरळसोट, लांब, कळ्यांनी लगडलेल्या डहाळ्या. इकडचं की तिकडचं? तिकडचं, शेजारच्या सिक्स्टेनचं. ते तिला ठाऊक होतं. पण दोन डहाळ्यांनी काय होतंय, असं म्हणत तिने दोन कापल्या. दोन बरणीत भुंड्या दिसतील म्हणून चार. चारने समतोल साधेना म्हणून सात. झाडावर मग काही उरलंच नाही, नुसता खुंट.

घरी येऊन बुडखे तासताना सातव्या डहाळीला तारेने बांधलेली पत्र्याची चकती हाताला लागली. खिळ्याने कोरलेलं नाव होतं: एल्सी.

एल्सी म्हणजे सिक्स्टेनची बायको, सिवची चाळीस वर्षांची मैत्रीण, चार वर्षांपूर्वी गेलेली. तिच्या माहेरच्या चेरीचं कलम होतं ते. मूळ झाड त्याच वादळात पडलं, आणि त्याचं लाकूड हिवाळ्यात चुलीत गेलं. हे सगळं सिवला माहीत होतं. कलम कुठे लावलंय तेवढं विचारायचं राहिलं होतं.

अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. चकती सिवने खणात टॉवेलांच्या खाली सरकवली आणि दार उघडायला गेली. बाई गं, काय म्हणावं! बिरगित फोटो काढत होती आणि ही पडद्याची चुणी सारखी करत होती. लेखात सिवने लिहिलं, "दुकानातून काही आणू नका. जे काही हवं ते आपल्याच अंगणात असतं."

तिसऱ्या दिवशी सिक्स्टेन आला. सहा फुटी माणूस, पण डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचा नंबर मेमध्ये होता. टोपी गुडघ्यावर ठेवून तो टेबलाशी बसला, बरणीच्या बरोब्बर समोर.

"सिव, एक पत्र लिहून दे. मला धड दिसत नाही, आणि तुझे शब्द चांगले असतात."

"कोणाला?"

"विजेच्या तारांखालची झाडं छाटायला जे येतात ना, त्या मेल्यांना. एल्सीचं कलम छाटून गेलेत. मी अंगठ्याने चाचपून पाहिलं, हरणाने कुरतडलेलं नाही, कात्रीचा सफाईदार काप आहे. यंदा पहिल्यांदा फुलणार होतं गं ते."

आता सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण समोर डहाळ्या, खणात चकती, बिरगितच्या कॅमेऱ्यात फोटो. सिवची जीभ काही रेटेना. तिने कागद काढला.

"लिही," सिक्स्टेन म्हणाला. "ज्याने हे केलं त्याला लाज वाटली पाहिजे."

सिवने लिहिलं. अक्षर वळणदार आलं, मेलं नेहमीसारखंच.

"वाच बरं."

तिने मोठ्याने वाचलं. सिक्स्टेनने मान डोलावली, चाचपडत खाली सही केली आणि जाताना म्हणाला, "तुझ्यावाचून माझं काही खरं नाही बघ." दार लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तरीही दुसऱ्या दिवशी तिने बरणीतलं पाणी बदललं. टाकवत तर नव्हतं ना!

पत्रक घरोघर पोचलं. दुकानात, पोस्टात, जो भेटेल तो म्हणे, "वा सिव, आपल्याच अंगणात! किती खरं लिहिलंयस!" आणि इकडे स्वयंपाकघराच्या उबेत कळ्या सुजू लागल्या. सिवने बरणी थंड कोठीघरात नेऊन ठेवली, मोहर लांबेल म्हणून. कळ्यांना त्याचं काय? ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी तिने कोठीचं दार उघडलं तर आत सगळं पांढरं. एकेक फूल दुहेरी पाकळ्यांचं, कडेला किंचित गुलाबी. असली चेरी गावात दुसऱ्या कोणाकडेही नव्हती.

दुपारी सिक्स्टेन आला, दर वर्षीसारखा. एल्सी असल्यापासूनची रीत होती ती. हातात चेरीच्या सरबताची बाटली.

"शेवटची आहे," तो म्हणाला. "जुन्या झाडाची. म्हटलं, तुझ्याबरोबर संपवावी."

त्याने टेबलावर हात फिरवला. मधोमध बरणीचा जुना गोल डाग तेवढा होता. "डहाळ्या कुठायत? यंदा तू पण पिसं लावलीस की काय?"

"काढल्या," सिव म्हणाली.

"त्या लोकांचं उत्तर आलं. म्हणतात, मार्चमध्ये आमचा माणूस तिकडे फिरकलाच नाही. म्हणजे गावातलंच कुणीतरी. मी ठरवलंय, मंगळवारपासून घरोघर जाऊन विचारायचं. तू चल माझ्याबरोबर. तुझ्याशी लोक खोटं बोलणार नाहीत."

सिवने हातातला कप बशीत ठेवला. गावातल्या एकेका दारात हा आंधळा माणूस उभा राहणार, आणि त्याच्या शेजारी ती! ती उठली, कोठीत गेली, बरणी उचलून आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. मग खणातून चकती काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

सिक्स्टेनने अंगठा चकतीवरून फिरवला. मग बोटांनी एक फूल चाचपलं, आतल्या पाकळ्या, बाहेरच्या पाकळ्या. पांढरं तेवढं त्याला दिसत असावं, कारण तो चेहरा अगदी जवळ नेऊन बघत राहिला.

"मीच कापल्या," सिव म्हणाली. "फोटोसाठी. एल्सीचं आहे हे घरी आल्यावर कळलं. देवाशपथ, घरी आल्यावर."

"मी पत्र सांगायला आलो तेव्हा कुठे होत्या ह्या?"

"इथेच. तुझ्यासमोर."

त्याने फूल सोडलं. मग चिडून नाही, अगदी शेतीचं काहीतरी समजावून सांगावं तसं म्हणाला, "त्या दिवशी कळ्या झोपलेल्या होत्या, सिव. त्या दिवशी सांगितलं असतंस तर ह्याच काड्या मी परत त्या खुंटावर बांधल्या असत्या. जगल्या असत्या. फुललेल्या काडीचं कलम होत नाही."

सिवला बसवेना आणि उभंही राहवेना. कापलं ते कापलं. पण चेरी खरी मेली ती कात्रीने नाही, ती त्या टेबलाशी वळणदार अक्षरात पत्र लिहिताना मेली. हे तिला आता कळत होतं, आणि त्याला ते तिच्याआधी कळलं होतं.

"एल्सी नेहमी म्हणायची," सिक्स्टेन टोपी घालत म्हणाला, "सिवकडे बघ, काही नसतं तरी किती छान दिसतं." त्याने बरणी दोन्ही हातांत उचलली आणि छातीशी धरून, पायाने वाट चाचपत तो अंगण ओलांडून गेला. सरबताची बाटली टेबलावरच राहिली, न उघडलेली.

ईस्टरच्या सकाळी बरणी तिच्या पायरीवर होती. धुऊन, पुसून, रिकामी. सिवने ती उचलली आणि दुसरं काही सुचेना म्हणून टेबलावर तिच्या जागी ठेवली.

दोनला बायका आल्या. कोट काढता काढता बिरगित दारातच थबकली.

"अगं बाई! रिकामी बरणी! बघितलंत का गं, हिने यंदा डहाळ्यासुद्धा ठेवल्या नाहीत. नुसती बरणी! हे फक्त सिवलाच सुचू शकतं." आणि तिने कॅमेरा काढला.

बाकीच्या माना डोलावू लागल्या. किती साधं, किती नेमकं. सिवचे कान तापून लाल झाले. एरवी अशा वेळी ती "कशाला गं" म्हणायची.

"तो कॅमेरा आत ठेव, बिरगित," ती म्हणाली. "आणि बसा सगळ्या. कॉफी नंतर देते. ही बरणी रिकामी का आहे ते आधी ऐका, आणि ते पुढच्या पत्रकात छापायचं आहे."