खुर्चीच्या पुढे

रखमाजीच्या पडवीत चाकांची खुर्ची उभी होती आणि तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

खुर्ची दिवाळीच्या आधी तळेगावच्या शिबिरात मिळाली होती. लॉवेल साहेब आणि जोॲनबाई हे अमेरिकेतलं म्हातारं जोडपं आपल्या चर्चच्या वतीनं सेवा करायला पुण्यात येऊन राहिलं होतं आणि शिबिरात खुर्च्या वाटत होतं. दोघांचीही सत्तरी उलटलेली. "बघ बरं, बाटवत्याल," असं पारावरच्या धोंडिबानं रखमाजीला आधीच बजावून ठेवलं होतं. पण त्या दोघांनी देवाचं नाव काढलं नाही. जोॲनबाईंनी जमिनीवर गुडघे टेकले आणि टेप घेऊन रखमाजीच्या बायकोच्या, मुक्ताबाईच्या पाठीचं, मांडीचं, पावलाचं माप घेतलं. मग दुभाष्याचं काम करणाऱ्या अनिताकडून विचारलं, खुर्ची मिळाल्यावर कुठं जायचंय?

"लोनावळ्याचा टायगर पॉइंट," मुक्ताबाई लगेच म्हणाली. "सगळी मुंबई येऊन बघून जाती. हितं राहून म्याच न्हाई बघितलं."

गोठ्यात घसरून तिचा खुबा मोडला होता, तेव्हापासून ती घरातच होती. कैलास, तिचा मुलगा, दवाखान्यात उचलून नेई तेवढंच काय ते बाहेरचं ऊन.

खुर्ची घरी आली, तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग रखमाजी म्हणाला, "रस्ता वाळू दे." रस्ता वाळला. मग म्हणाला, "चाकं झिजत्याल." कैलास म्हणाला, "मी फिरवून आणतो आईला." तर त्याच्यावरच खेकसला, "पोरानं गावभर फिरवायची, मग बाप काय मेला?"

खरं कारण मुक्ताबाईला ठाऊक होतं. लग्नाला जाताना, बाजाराला जाताना, रखमाजी पुढं चाले आणि ती चार पावलं मागं. गावातली सगळीच जुनी माणसं तशी चालत. खुर्ची ढकलायची म्हणजे बायको पुढं आणि आपण मागं, तेही पारावर बसलेल्या सगळ्यांच्या देखत.

जोडप्याचं मायदेशी परतायचं ठरलं. जाण्याआधी लोणावळा बघायचं त्यांच्या मनात होतं आणि मुक्ताबाईला बरोबर न्यायचं म्हणून ते सकाळीच नवलाख उंबरे गावात, रखमाजीच्या दारात हजर झाले.

जोॲनबाईंची नजर प्लॅस्टिककडे गेली. त्यांनी काही विचारायच्या आत रखमाजी बोलून गेला, "रोज बसती ती. संध्याकाळी म्या फिरवतो."

अनितानं एकदा प्लॅस्टिककडं पाहिलं. मग तिनं ते इंग्रजीत सांगितलं. मुक्ताबाई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. जोॲनबाई हसल्या, कात्री मागितली आणि प्लॅस्टिक कापायला लागल्या. तो करकर आवाज रखमाजीला ऐकवेना. तो उगाच गोठ्यात जाऊन आला.

गाडी गल्लीत शिरत नव्हती, ती पाराच्या पलीकडं उभी होती. मुक्ताबाईला खुर्चीत बसवल्यावर साहेबांनी मागच्या मुठी धरल्या.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं तुमी," रखमाजी म्हणाला. "म्या हाय की."

त्यानं गोठ्यातून कासरा आणला, खुर्चीच्या पुढच्या दांडीला बांधला आणि खांद्यावर घेऊन पुढं चालू लागला. अनिता म्हणाली, "आबा, ही ओढायची नसते." तो थांबला नाही. खुर्ची मागं डुगडुगत आली. चाल तरी नेहमीचीच राहिली, नवरा पुढं, बायको मागं.

पारावर धोंडिबा होताच. "रखमाजी, बैल इकलं व्हय रं? सोताच जुपलास?"

सगळे हसले. रखमाजीची कानशिलं तापली. त्यानं झपाझप पाय उचलले. पुढं गटारावर लादी होती. तिच्या फटीत खुर्चीची लहान चाकं अडकली. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही, बैल अडल्यावर देतात तसा कासऱ्याला हिसका दिला.

खुर्ची पुढं कलंडली आणि मुक्ताबाई हातांवर पडली.

पारावरचं हसू थांबलं. रखमाजी वळेपर्यंत साहेब गटाराच्या चिखलात गुडघ्यांवर बसून तिला धरत होते आणि जोॲनबाई तिच्या कोपराची माती पुसत होत्या. हाड काही दुखावलं नव्हतं. पण डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाढल्या होत्या, काचा लादीवर पडल्या होत्या. रखमाजी कासरा हातात धरून उभा राहिला. तो टाकून द्यावा हेही त्याला सुचेना.

"घरी न्यायचं का, मावशी?" अनितानं विचारलं.

तिनं हो म्हणावं असं रखमाजीला फार वाटलं.

"गाडी कुटं हाय?" मुक्ताबाई म्हणाली.

साहेबांनी खुर्ची उलटी फिरवली, मोठी चाकं आधी लादीवरून घेतली आणि तिला गाडीपाशी नेलं.

टायगर पॉइंटवर वारा होता. कणसं भाजल्याचा वास, भज्यांच्या गाड्या, फोटो काढणारी पोरं. साहेब खुर्ची ढकलत होते, त्यांचा एक गुडघा दुखत असावा, कारण ते लंगडत होते. रखमाजी सवयीनं पुढं निघाला. कठड्याशी पोचून त्यानं मागं पाहिलं तर मागं कुणी नव्हतं. ते सगळे कणसाच्या गाडीपाशी थांबले होते. मुक्ताबाई काहीतरी सांगत होती आणि जोॲनबाई भाषा न कळताही हसत होत्या. तो एकटा कठड्याशी उभा होता.

तो परत आला. साहेबांना धाप लागली होती. ते न बोलता एका दगडावर बसले, जोॲनबाई आणि अनिता त्यांना पाणी द्यायला वळल्या. मुक्ताबाई दरीकडं तोंड करून बसली होती. तिच्यामागच्या मुठी रिकाम्या होत्या.

रखमाजीनं इकडंतिकडं पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. त्यानं मुठी धरल्या आणि हळूच ढकललं.

खुर्ची हलली तशी मुक्ताबाई बोलायला लागली. मागं साहेबच आहेत असं ती धरून चालली होती.

"साहेब, तुमाला कळत न्हाई म्हनून बोलते. आमचं मानूस वाईट न्हाई. मला खुर्चीत घालून न्यायची त्यास्नी लाज वाटती. मला आदी वाटलं, खुर्चीची वाटती. आता वाटतं, माझीच वाटती."

तो ढकलत राहिला. आपण आहोत हे सांगायचंही त्याचं धाडस झालं नाही. कठड्याशी आल्यावर ती खाली दरीत बघत राहिली आणि तो तिच्या डोक्याकडं. केस इतके विरळ झाले होते की अंबाडा सुपारीएवढा उरला होता. इतकी वर्षं तिनं त्याची पाठ पाहिली होती. तिची पाठ त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

गावात परतल्यावर साहेबांनी गाडीतून खुर्ची उतरवली. मुठी धरायला ते पुढं झाले, तेवढ्यात रखमाजीनं त्या धरल्या. मुक्ताबाईनं मान वळवून त्याचे हात पाहिले आणि पुन्हा समोर पाहिलं.

पारावर धोंडिबा होता. "आता मागनं व्हय रं?"

"व्हय," रखमाजी म्हणाला. मान मात्र त्याला वर करता आली नाही.

लादीपाशी तो थांबला. काचा अजून तिथंच होत्या.

"उलटी घ्या," ती पुढं बघतच म्हणाली. "साहेबांनी तशीच घेतली हुती."

त्यानं उलटी घेतली. खुर्ची लादीवरून सुखरूप आली.

"उद्या तळेगावातनं बांगड्या आनतो," तो म्हणाला.

"माझ्या हाताचं माप ठावं हाय का तुमाला?"

त्याला ठाऊक नव्हतं. त्या परक्या बाईला तिच्या पावलाचंसुद्धा माप ठाऊक होतं.

"म्या संगं येते," मुक्ताबाई म्हणाली. "चला आता, उभं काय ऱ्हायलात."

तो तिच्यामागून चालू लागला.