न दाखवलेलं बारावं रीळ

मी बारावं रीळ बोलतोय. चौदा रिळांच्या एका जुन्या पिक्चरमधलं. पिक्चर हसवणारं, पण गोष्ट घटस्फोट घ्यायला निघालेल्या नवरा-बायकोची. अकराव्या रिळात दोघं भांडत भांडत कोर्टाच्या पायऱ्या चढतात. तेराव्यात हातात हात घालून गाणं म्हणतात. मधली दहा मिनिटं माझ्याकडे. त्यात गाणं नाही, मारामारी नाही. नवरा मान खाली घालून बायकोची माफी मागतो, एवढंच.

आमचे मालक शेषेराव, उदगीरचे. हदगावपासून किल्लारीपर्यंत जत्रांमधून तंबू टॉकीज लावायचे. माणूस गोड, पण धंद्याला पक्का. दुसऱ्या खेळाची गर्दी दाराशी आली की ऑपरेटरला ओरडायचे, "बारावं ठेव बाजूला! रडकं रीळ हाय, कोण बघतंय?"

हदगावात एका म्हातारीनं त्यांना धरलंच. "ओ मालक, आत्ता तर कोर्टात भांडायलते, लगेच गायला कसे लागले?"

"मावशी, मधी घरी जाऊन मिटवलं त्यांनी!"

सगळा तंबू हसला. मी डब्यात होतो. मला हसू आलं नाही. कारण मालकाच्या मुलानं, शिवशंकरनं, हे पिक्चर पन्नासदा पाहिलं. माझ्याविना.

घरातही तसंच. शेषेराव बायकोला, केवळाबाईला, चारचौघांत टाकून बोलायचे आणि संध्याकाळी काही झालंच नाही असं "चहा टाक" म्हणायचे. ती टाकायची. पोरानं एवढंच उचललं: भांडण झालं की गप थांबायचं, पुढचं आपोआप गोड होतं.

तंबू मोडला. माझा डबा शिवशंकरच्या तुरीच्या गोदामात पोत्यांमागे गेला. चोवीस वर्षं झाकण उघडलं नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले आणि मी आतल्या आत आंबत गेलो.

शिवशंकरची बायको आरती. तिचे वडील वारले त्या दिवशी मोंढ्यात तुरीचा भाव चढला होता. हा तिसऱ्या दिवशी पोचला. त्यावर एक शब्द बोलला नाही. थांबला. ती लातूरला शाळेत नोकरी धरून वेगळी राहिली, तरी हा थांबलेलाच.

आता सोमवारी लातूरच्या कोर्टात शेवटची सही. आज दुपारी आरती आपली कागदपत्रं न्यायला गोदामात आली. शेषेरावांनी तंबूतली जुनी पिक्चरची मशीन पुसून मांडली होती.

"सूनबाई, दहा मिनिटं बस. एकच रीळ दाखवतो."

"मामा, पिक्चरनं काय होणार हाय? साडेतीनची गाडी हाय माझी."

शिवशंकरनं झाकण उचकटलं. सिरक्यासारखा आंबट वास असा उसळला की तिघंही मागे सरले. मी गुळाच्या ढेपेसारखा एकजीव झालो होतो. त्यानं टोक ओढलं, ते हातातच तुटलं.

"काय व्हतं आप्पा ह्याच्यात?"

"नवरा माफी मागतो."

"गाण्याच्या आधी? हे व्हतं मधी?"

"व्हतं. मीच काढत व्हतो."

"काय म्हणतो तो?"

शेषेरावांनी डबा जवळ ओढला. मग हळू म्हणाले, "आठवत न्हाई रे. मी बी कधी ध्यान देऊन पाहिलंच न्हाई."

आरतीनं फाईल काखेत घातली. "मी बी थांबले होते," ती दाराकडे बघत म्हणाली. "दोन वर्षं."

शिवशंकर माझा तुकडा चिमटीत धरून उजेडाकडे बघतोय. त्यात काही नाही रे बाबा. चेहरे केव्हाच विरघळले. ती वाक्यं मला सगळी पाठ आहेत, पण मशीनवर चढल्याशिवाय मला आवाज नाही, आणि मशीनवर मी आता चढणार नाही. तेराव्या रिळाची वाट बघू नकोस. माझ्याशिवाय ते फक्त तंबूत लागायचं.

तिनं एक चप्पल घातलीय. दुसरी उंबऱ्यापाशी उलटी पडलीय, ती सरळ करायला वाकलीय.

बोल. एवढाच वेळ आहे.