माहेरावरचा बोया

त्या किनाऱ्यावर होडी पाण्यात लोटणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. वाळू भुसभुशीत, होड्या जुन्या जड लाकडाच्या. आठ-दहा जणांनी खांदा दिला तरच हलायच्या. म्हणून वस्तीचा एक रिवाज होता. भांडण असो नाहीतर कोर्टकचेरी, पहाटे ज्याची होडी निघेल तिला हात लावायचा. बोलणं बंद असलं तरी हात बंद नसत. हात बंद करणं ही तिथली सगळ्यात मोठी शिक्षा, आणि ती दिलेली पाहणारं आता कुणी हयात नव्हतं.

भाचीला हे माहीत होतं. तिची आई याच वस्तीतली. लहानपणी ती सुट्टीत मामाकडे यायची, आता विद्यापीठाकडून माशांचा अभ्यास करायला येत होती. वस्तीनं तिचं नाव मासेमास्तरीण ठेवलं होतं. "काय मास्तरीण, हजेरी झाली का माशांची?" असं बायका विचारत, आणि तीही "दोघं दांडी मारून गेलेत" असं ठोकून देई.

खडकांच्या रांगेपलीकडे समुद्रात एक खोलगट जागा होती. हेकरू, म्हणजे खडकात एकेकटा राहणारा जाड ओठांचा मोठा मासा, वर्षातून एकदा तिथे थव्याथव्यानं अंडी घालायला यायचा. वस्ती त्या जागेला माहेर म्हणे. त्या दिवसांत तिथे कुणी गळ टाकत नसे. "बाळंतिणीच्या खोलीत चपला घालून जातं का कुणी?" मामा म्हणायचा. मोठ्या ट्रॉलरवाल्यांना असली रीतभात नव्हती, पण त्यांना जागाही ठाऊक नव्हती. होडीतून किनाऱ्याकडे बघताना टेकडीची खाच पाण्याच्या टाकीमागे गेली आणि दीपस्तंभ बर्फाच्या कारखान्याच्या धुराड्याला टेकला, की खाली माहेर. पाण्यावर खूण म्हणून काडीही ठेवायची नाही. बापानं मुलाला होडी सोपवतानाच जागा दाखवायची. मामाला मूलबाळ नव्हतं. त्यानं भाचीला दाखवली, आणि वस्तीत कुणालाही विचारलं नाही.

भाचीला ती जागा मोठ्या बोटींना कायद्यानं बंद करून हवी होती. आसपासच्या खडकांतले मासे अंडी घालायला तिथेच येतात, हे सिद्ध झाल्याशिवाय सरकारी समिती ऐकणार नव्हती. म्हणून तिनं एरवीच्या दिवसांत मामाच्या गळाला लागलेल्या माशांच्या पोटात आवाज सोडणारे बोटाएवढे टॅग बसवून मासे परत सोडले, आणि टॅगचा आवाज टिपणारं यंत्र माहेरावर बुडवलं. यंत्राच्या दोरीला बांधायचा तरंगता बोया पाण्याखाली खोल ठेवायचा, हे तिला पाठ होतं. पण मागच्या खेपेला एक यंत्र हरवलं होतं आणि विद्यापीठातल्या सरांनी तिचं जिणं नकोसं केलं होतं. यंत्र पहिल्या लाटांत नीट बसतंय का हे पाहीपर्यंत तिनं बोया वरच ठेवला. नारिंगी, भोपळ्याएवढा.

"हे वर कशाला?" मामानं विचारलं.

"दोन दिवस फक्त. मग खाली घेते."

मामानं कपाळाला आठ्या घातल्या, पण भाचीच्या शिक्षणाचा त्याला भारी अभिमान. त्यानं होडी वळवली. दोन दिवसांनी वारा सुटला, वस्तीच्या लहान होड्यांना बाहेर जाता आलं नाही. वारा पडला तोवर ट्रॉलरवाल्यांनी तो बोया पाहिला होता. भर समुद्रात नारिंगी बोया तरंगतोय म्हणजे खाली काहीतरी घबाड आहे, एवढं कळायला विद्यापीठात जावं लागत नाही.

त्यांनी माहेर खरवडून नेलं. सकाळी वस्तीच्या होड्या तिथून गेल्या तेव्हा पाण्यावर नको म्हणून फेकलेले मासे पोट वर करून तरंगत होते. अंडी फुटून पाणी गढूळ झालं होतं. मामानं आणि भाचीनं होडी तिथेच थांबवली.

पाणबुड्यानं यंत्र वर काढलं. ते धडधाकट होतं. एकेका माशाचा आवाज त्यानं इमानानं टिपला होता, आणि मग एका पहाटे सगळे आवाज लागोपाठ बंद झाले होते. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. भाचीनं ते आकडे सरांच्या खोलीत टेबलावर ठेवले आणि बोयाचं सांगितलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "समितीपुढे हे पुरेसं आहे. मासे तिथे येतात हे सिद्ध झालं."

"पण बोया—"

"बोयाबद्दल बैठकीपर्यंत एक शब्द नको. आपणच घात केला म्हटल्यावर आपलं ऐकणार कोण? मंजुरी होऊ दे, मग काय सांगायचं ते सांग."

तिला ते पटलं नाही, तरी ती गप्प बसली. बैठक लांबली, ती शहरातच अडकली. आणि इकडे वस्तीत कुजबुज सुरू झाली. जागा फोडली कुणी? तो नारिंगी बोया कुणाचा? मास्तरीण तिथे जायची. मास्तरणीला नेलं कुणी?

मंजुरी मिळाली. बैल गेला अन् झोपा केला! तरी आदेशाचा कागद घेऊन ती तडक वस्तीत आली, तर मामाची होडी भरदिवसा वाळूवर. मामी ओट्यावर बसली होती. तिनं भाचीला पाणी दिलं, पण नजर दिली नाही.

"काय झालं मामी?"

"तुझे मामा वस्तीच्या सभेत उभे राहिले. म्हणाले, बोया माझा. नजर अधू झालीय, टेकडीची खाच दिसेना, म्हणून मीच खूण बांधली." मामीनं पदरानं तोंड पुसलं. "डोळे आहेत त्यांचे घारीसारखे. तेव्हापासून होडीला कुणी हात लावत नाही."

भाची तशीच उठली आणि बर्फाच्या कारखान्याच्या पडवीत गेली. तिथे माणसं जाळी शिवत बसली होती. तिनं सगळं सांगितलं. बोया माझा, मी बांधला, मामा नको म्हणत होता. बोलताना तिचा आवाज फाटला. कुणी सुई थांबवली नाही.

शेवटी वस्तीचा म्हातारा पुढारी म्हणाला, "पोरी, मामासाठी जीव तुटतो तुझा, दिसतंय. पण त्यानं स्वतः कबूल केलंय."

"तो खोटं बोलला."

"पन्नास वर्षं ओळखतो मी त्याला. कधी खोटं बोलला नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरानं गळा फाडून सांगितलं तरी कुणी ऐकेना.

दुसऱ्या पहाटे मामानं वल्ही होडीत टाकली. भाचीनं आणि मामीनं मागून खांदा लावला, मामानं बाजूनं. शेजारून होड्या हुंकार देत पाण्यात उतरत होत्या. मामाच्या होडीनं वाळूत वीतभरही जागा सोडली नाही. माणसं खाली मान घालून बाजूनं गेली. त्यांतल्या दोघांना मामानं पोहायला शिकवलं होतं.

"कशाला केलंस असं?" धाप लागलेल्या भाचीनं विचारलं.

"तुझं नाव निघालं असतं तर तो कागद निघाला असता का?" मामा होडीला टेकून बसला. "होडी काय, आज ना उद्या थांबणारच होती. जागा तरी वाचली."

इतक्यात सरकारी लाँच समोरून गेली. बंद केलेल्या जागेची हद्द दाखवायला चार मोठे नारिंगी बोये ती दोरीनं ओढत नेत होती. तिघं ते खडकांच्या रांगेपलीकडे जाईपर्यंत बघत राहिली.

"आता मासे येतील ना गं परत?" मामानं विचारलं. "किती वर्षं लागतील?"

तो मासा सावकाश वाढतो. वाट माहीत असलेले जुने मासे गेले की नव्यांना माहेर दाखवायला कुणी उरत नाही. हे तिनं स्वतः लिहिलं होतं, आणि त्या लिखाणाचं बक्षीसही घेतलं होतं.

"येतील," ती म्हणाली. "थोडी वर्षं."

मामानं तिच्याकडे पाहिलं. घारीसारखे डोळे ते, त्यांना सगळं दिसलं.

"बरं," तो म्हणाला, आणि होडीतली वल्ही काढून घराकडे निघाला.